सॅलरी स्लिपमधले दोनशे रुपये

माझ्या सॅलरी स्लिपमध्ये दर महिन्याला एक ओळ असते : प्रोफेशन टॅक्स, २०० रुपये. फेब्रुवारीत ३००. वर्षाचे झाले २,५००. पुण्यात नोकरीला लागून सहा वर्षं झाली, पण हा कर कशासाठी, हे मी कधी विचारलं नव्हतं. उलट जेवणाच्या टेबलावर कुणी म्हणालं, "आपल्या टॅक्सवर सरकार फुकटे पोसतंय," की मीही मान डोलवायचो.

मागच्या दिवाळीत अंबड तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो होतो. माझी एक चुलत आजी तिथे एकटीच राहते. तिचा श्रावणबाळ योजनेचा अर्ज भरून द्यायचा होता. ती तयारच होईना.

"बहात्तरला खडी फोडली, तवा पैसे भेटले. आता नुस्तं बसून घ्यायचे व्हय रे?"

१९७२ च्या दुष्काळात ती सोळा-सतरा वर्षांची नवी सून होती. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होतं. ती पाझर तलावाच्या कामावर जायची. खायला सुकडी आणि अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे ५० लाख माणसं अशा कामांवर होती.

त्यातूनच रोजगार हमी योजना रुजली. कल्पना वि. स. पागे यांची, तासगाव भागात त्यांनी तिचा प्रयोग आधीच केला होता. काम मागेल त्याला सरकारने काम द्यायचं, उपकार म्हणून नाही, हक्क म्हणून. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. पैसा कुठून आणला? १९७५ साली शहरांतल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला. म्हणजे माझे तेच दोनशे रुपये.

हे वाचताना मी अमेरिकेपर्यंत पोचलो. तिथे १९३३ साली जवळपास दर चौथा कामगार बेकार होता. फुकटच्या मदतीने माणूस आतून खचतो, असं रूझवेल्ट यांचं मत होतं. म्हणून १९३५ साली त्यांच्या सरकारने रस्ते, पूल, शाळा बांधायची कामं काढली. आठ वर्षांत सुमारे ८५ लाख लोकांना त्यावर रोजगार मिळाला. त्याच वर्षी म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा आला. त्यासाठी पगारातून कपात ठेवली, ती मुद्दाम. ज्याने स्वतः पैसे भरलेत त्याचा हक्क उद्या कुठलंही सरकार हिरावून घेऊ शकणार नाही, हा हिशेब.

हिशेब पक्का होता. पण त्या कायद्यातून शेतमजूर आणि घरकाम करणारे वगळले होते. दक्षिणेतले बहुतेक कृष्णवर्णीय कामगार त्यातच मोडत. आयुष्यभर राबूनही त्यांच्या नावावर कपातीचा एक कागद नव्हता.

मला आजीच आठवली. खडी फोडली तेवढे दिवस हजेरीपटावर तिचं नाव लागलं. त्यानंतरची पन्नास वर्षं ती दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचत होती, खुरपत होती. त्याची नोंद कुठेच नाही. माझ्या दोनशे रुपयांची मात्र दर महिन्याला छापील पावती निघते. फुकटं कोण, हे आम्ही जेवणाच्या टेबलावर त्या पावतीवरून ठरवत होतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आजीलाही ते पटलं होतं.

मी तिला म्हणालो, "आजी, हे तुझ्याच मजुरीतलं उरलेलं आहे असं समज."

ती हसली. "लई उशिरा देऊ राहिले मग."

उत्पन्नाच्या दाखल्याच्या अर्जात तिच्या व्यवसायापुढे मी आधी 'गृहिणी' लिहिलं होतं. ते खोडून 'शेतमजूर' लिहिलं. अंगठा लावायच्या आधी तिने मला तो शब्द दोनदा वाचून दाखवायला लावला.