भन्ते, यंदा आमच्या विहारात
वंदामि भन्ते,

घरातले सगळे असंच म्हणतात, म्हणून मीही म्हणते. पण चीवर अंगावर येण्याआधी माझं बोट धरून धुऱ्यावरून चालणारा माझा भाऊ, त्याच्याशीही मला थोडं बोलायचंय.

आषाढी पौर्णिमा आली. दुसऱ्या दिवसापासून अश्विन पौर्णिमेपर्यंत तुम्ही एकाच विहाराचे. हा नियम कसा झाला, ते तुम्हीच सांगितलं होतं ना? भर पावसात भिक्खू हिंडतात, हिरवं कोवळं गवत तुडवतात, बारीक जीव पायाखाली मरतात, अशी लोकांनी कुरकुर केली. मग भगवंतांनी वर्षावास लावून दिला. ऐकताना मला आपली बांधीच दिसली. पऱ्ह्यात पाय पडला की आई केवढी ओरडायची! मग हिरव्याला जपायला झालेला हा नियम तुम्ही दरवर्षी शहरातच का पाळता?

रागावू नका. आईच्या आजारपणात तुम्ही वर्षावासातून न बोलावता आलात. तिच्या उशाशी बसून परित्राण म्हटलंत. सात दिवसांत परत जायचं, म्हणून सातव्या दिवशी निघालात. मी दार अडवलं, तर खाटेवरून आईच म्हणाली, "जाऊ दे त्याला." ते जाणं मला अजून सलतं. आणि तुम्ही आलात, याचे उपकारही फिटत नाहीत.

इथं दिवसभर रोवणा करून बाया संध्याकाळी विहारात येतात. वाघाच्या धाकानं घोळक्यानं येतात, घोळक्यानंच परततात. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' एक शाळकरी पोरगी वाचते. अडलं तर विचारायचं कुणाला? १६ ऑक्टोबर १९५६ ला चांद्यात खुद्द बाबासाहेबांनी दीक्षा दिली, तेव्हा आपले आजोबा त्या गर्दीत होते, हे तुम्ही प्रवचनात अभिमानानं सांगता. त्या आजोबांच्या गावाला तुमचा एक पावसाळा मिळू नये?

आजारी आईबापांकडे न बोलावता जाता येतं, बाकीच्यांनी निरोप धाडावा लागतो, असं तुम्हीच म्हणाला होतात. तर हा आमचा निरोप. विहाराचे कवेलू फेरून झाले. भोजनदानाच्या पाळ्या लागल्या. बांधीवर जायच्या आधीच बाया स्वयंपाक करून ठेवतील, बारा वाजायच्या आत तुमचं जेवण होईल.

पौर्णिमेच्या चार दिवस आधीच निघा. झड लागली की आपल्या नाल्याचं काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे.

ताई