रोखठोक ब्रेक

उधारी त्याला चालत नाही. पायाने जेवढा जोर द्याल, त्याच हिशेबात तो गाडी थांबवतो. शोरूमच्या बहुतेक कारमध्ये इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणारा बूस्टर पायाला हात देतो. पण वर्कशॉपमध्ये पाइप जोडून उभ्या केलेल्या हलक्या स्पोर्ट्‌स कारला बहुधा बूस्टर नसतो. चालकाचा पाय आणि चाकावरची डिस्क यांच्यामध्ये फक्त पेडल, मास्टर सिलिंडर आणि ब्रेक ऑईल.

बुलढाण्याच्या माणसाला ब्रेकची किंमत सांगावी लागत नाही. मलकापूरकडे उतरायचं तर राजूरचा घाट, खामगावकडे निघालं तर बोथ्याचा. शेगावात 1983 साली श्री संत गजानन महाराज इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झालं आणि इथल्या पोरांची घराजवळ इंजिनिअरिंग शिकायची सोय झाली. यंत्रात जीव असलेल्या पोराच्या डोक्यात स्वतः बांधलेली गाडी असतेच, आणि त्या गाडीत सगळ्यांत आधी समजून घ्यावा असा गडी म्हणजे हा ब्रेक.

स्वभावाने तो कष्टाळू, पण मागणारा. जुन्या ड्रम ब्रेकमध्ये फिरतं चाक लायनरला आपसूक आत ओढतं आणि जोर वाढवतं. डिस्कला ही सवलत नाही. तिथे कॅलिपरला पॅड दोन्ही बाजूंनी सरळ दाबावे लागतात. म्हणून हिशेब पेडलपासूनच मांडायचा. पायाचा जोर 30 किलो आणि पेडलचं प्रमाण पाचास एक धरलं, तर पुढे 150 किलो जातात. पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगळे असे दोन मास्टर सिलिंडर असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण 75. सिलिंडरचा बोअर पाऊण इंच घेतला तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 26 किलोचा दाब. तोच बोअर पाच-अष्टमांश इंच केला तर 38. बारीक बोअर दाब जास्त देतो, पण पेडल जास्त खाली जातं. हवं ते सगळं एकदम मिळत नाही, हे तो पहिल्याच दिवशी शिकवतो.

हवेशी त्याचं मुळीच पटत नाही. नळीत एक बुडबुडा राहिला तरी पेडल मऊ पडतं. मग ती हवा काढायला एक जण सीटवर बसतो, दुसरा कॅलिपरपाशी पाना लावून उकिडवा. "दाब भाऊ, दाब... धरून ठेव!" कॅलिपरवरचा निप्पल अर्धा आटा सुटतो, पारदर्शक नळीतून फेसाळ ऑईल येतं, निप्पल आवळला जातो. "आता सोड." नळीत नितळ ऑईल दिसेपर्यंत हेच चालू. हे ऑईल हवेतली ओल शोषतं. डॉट 4 दर्जाचं ऑईल ताजं असताना किमान 230 अंश सेल्सिअसला उकळतं. ओल धरली की ही मर्यादा 155 पर्यंत उतरू शकते. तापलेल्या ब्रेकमध्ये त्याची वाफ झाली, तर पेडल ऐन वेळी दगा देतं.

पुढच्या-मागच्या चाकांची वाटणी बॅलन्स बार करतो. ब्रेक लागताच गाडीचं वजन पुढे झुकतं, म्हणून पुढच्या चाकांना जास्त जोर लागतो. मागची चाकं आधी जाम झाली, की गाडी गर्रकन फिरते. विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला भारत स्पर्धेत या वाटणीची कसून परीक्षा होते: गाडी सरळ पळवायची, ब्रेक मारायचा, चारही चाकं जाम झाली पाहिजेत. नापास झालेली गाडी शर्यतीत उतरत नाही, इंजिन कितीही जोरकस असो.

या ब्रेकच्या घराण्याची कीर्तीही शर्यतीतलीच. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने 1902 साली डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं; 1953 साली जॅग्वारच्या सी-टाइपने डिस्कच्या जोरावर ल माँची 24 तासांची शर्यत जिंकली. गाडी उशिरा ब्रेक मारू शकते म्हणूनच ती जास्त वेळ वेगात राहते, हे तेव्हा जगाला पटलं.

घरी बांधलेली गाडी मान्यतेशिवाय रस्त्यावर आणता येत नाही, आणि ते योग्यच आहे. गाडी आपली असली तरी रस्ता सगळ्यांचा. आपल्या पोरांनी गाड्या जरूर बांधाव्यात. पण पाहुण्याला इंजिनचा आवाज ऐकवण्याआधी त्याला ब्रेक दाखवावा. गाडी बांधणाऱ्याची अक्कल आणि माणसांविषयीची काळजी, दोन्ही तिथेच कळतात.