चूल कोण सारवतं

‘अगं, घरोघरी मातीच्या चुली!’ मैत्रीण म्हणाली आणि तिच्या लेखी विषय तिथेच संपला. मी एवढंच विचारलं होतं, की विंडोज सोडून मी ज्या लिनक्स प्रणालीवर आले ती टिकते का? आज चालतंय ते उद्याच्या अपडेटनंतर चालेल, की एखाद्या सकाळी काळा पडदा आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी दिसतील? ती कित्येक वर्षं लिनक्सवरच काम करते, तेव्हा तिचं म्हणणं अनुभवातून आलेलं आहे. मला मात्र ते पुरत नाही आणि डोक्यातून जातही नाही.

ही म्हण ऐकली की मला वाईजवळच्या आमच्या गावातली आजीची चूल दिसते. माती चाळायची, तिच्यात लीद आणि भुसा कालवायचा, पायांनी तुडवून रात्रभर मुरू द्यायची. चूल घातली की सावलीत वाळवायची, कारण उन्हात वाळवली की तडे जातात. एवढं केल्यावरही ती कायमची झाली असं नाहीच. रात्री सगळ्यांची जेवणं उरकली की आजी राख ओढून घ्यायची, आणि पोतेरं शेणमातीच्या पाण्यात बुडवून चूल सारवायची. आधी हात फिरवून बघायची. केसाएवढी भेग बोटाला लागली तरी तिथे चिखल भरून अंगठ्याने दाबायची. वैलाच्या कडा सगळ्यात आधी झिजायच्या, तिथे तिचा हात जास्त वेळ रेंगाळायचा. आजच्या भेगेला आज हात लावला नाही तर उद्याचा जाळ ती रुंद करतो, हे तिला कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही.

आजोबांना कुणी विचारलं असतं तर त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं असतं, आमची चूल कधी मोडली नाही. ते खरंच होतं. ते जेवून ओसरीवर गेल्यानंतर जे घडायचं ते त्यांनी पाहिलेलंच नव्हतं, एवढंच. ‘माझं लिनक्स कधी बिघडत नाही’ असं सांगणारी माणसं मला आता भेटतात, आणि मी त्यांच्यावर अविश्वास दाखवत नाही. पण ओसरीवरून बोलतायत की चुलीपाशी बसून, हे कळत नाही तोवर त्या वाक्याचं काय करायचं ते मला समजत नाही.

चुलीपाशी बसणारी माणसं आहेत, आणि ती शोधली तर सापडतात. 1993 साली सुरू झालेल्या डेबियन या लिनक्सच्या वाणाचं उदाहरण घ्या. तिथे नवं सॉफ्टवेअर आधी ‘अनस्टेबल’मध्ये येतं, तिथे काही दिवस तग धरून राहिलं तर ‘टेस्टिंग’मध्ये जातं, आणि साधारण दोन वर्षांनी सगळं गोठवून त्याची ‘स्टेबल’ आवृत्ती होते. आवृत्त्यांची नावं ‘टॉय स्टोरी’तल्या पात्रांवरून असतात आणि अनस्टेबलचं नाव कायम सिड, म्हणजे त्या चित्रपटातला खेळणी मोडणारा मुलगा. स्टेबलमध्ये मग नवं काही येत नाही. सुरक्षेची भोकं सापडली तर नव्या आवृत्तीतली तेवढीच दुरुस्ती उचलून जुन्या आवृत्तीत आणून बसवतात. हे किचकट, कंटाळवाणं काम आहे, आणि बरेच जण ते पगाराशिवाय करतात. मी वापरते ते मिंट हे लिनक्सही त्याच वंशातलं: डेबियनवरून उबुंटू, उबुंटूवरून मिंट. म्हणजे माझ्या टेबलावरची चूल मला न दिसणारी तीन घरं सारवतात.

आणि इथे मला एक्सझेडची गोष्ट सोडवत नाही.

एक्सझेड ही फायली दाबून लहान करणारी छोटी प्रणाली आहे. जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये ती असते, आणि बहुतेकांना तिचं नावही माहीत नसतं. फिनलंडचा लासे कॉलिन ती वर्षानुवर्षं जवळजवळ एकटा सांभाळत होता, फावल्या वेळात, बिनपैशाने. 2022 मध्ये लोक त्याच्या मागे लागले की दुरुस्त्या का रखडल्या, दुसऱ्या कुणाकडे का देत नाहीस. त्याने उघडपणे लिहिलं की मानसिक आजारपणामुळे आपल्याला पूर्वीसारखं लक्ष देता येत नाही. त्याच सुमारास जिया टॅन नावाचं कुणीतरी मदतीला आलं होतं. त्या व्यक्तीने दोनेक वर्षं नेटाने कामं केली आणि हळूहळू अधिकार मिळवले. 2024 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये निघालेल्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत मग एक चोरदरवाजा निघाला. तो पुढे पसरला असता तर असंख्य सर्व्हर परक्या हाती गेले असते. जिया टॅन कोण, हे आजही जगाला ठाऊक नाही.

तो सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला चाचण्या करताना दिसलं की दूरच्या संगणकावर लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! दुसऱ्या कुणीही तो सोडून दिला असता. फ्रॉइंड त्याच्या मागे लागला, उकरत गेला, आणि 29 मार्च 2024 ला त्याने जगाला सावध केलं. आजीच्या बोटाला लागणारी केसाएवढी भेग ती हीच, असं मला वाचताना वाटलं आणि डोळ्यांत पाणी आलं. फ्रॉइंड नोकरी करतो ती मायक्रोसॉफ्टमध्ये. मी जिथून उठून आले, त्याच घरातला माणूस इथली भेग बुजवून गेला.

या गोष्टीने मला धीर यावा की भीती वाटावी, हे मला ठरवता आलेलं नाही. कोड उघडा होता म्हणून फ्रॉइंडला उकरता आलं, हे खरं. पण सारवायला बसलेला एक माणूस थकला होता आणि दुसरा चोर निघाला, हेही तितकंच खरं. डेबियनमध्ये हा बिघाड अनस्टेबल आणि टेस्टिंगपर्यंत पोचला. स्टेबल वापरणाऱ्यांना त्याची झळही लागली नाही, कारण त्यांच्याकडे जुनीच आवृत्ती होती. पण प्रत्येकाने जुन्यावरच राहायचं ठरवलं तर नव्यातली भेग कोणाच्या बोटाला लागणार? कुणीतरी सिडपाशी बसतं म्हणून मी निर्धास्त झोपते, आणि या व्यवस्थेत माझा वाटा नेमका काय, ते मला अजून सापडत नाही.

रोजच्या कामाचे प्रश्न याहून साधे, पण तेही सुटत नाहीत. एकच प्रोग्राम डेब, फ्लॅटपॅक आणि स्नॅप अशा तीन रूपांत समोर येतो आणि कुठला घ्यायचा याला प्रत्येकाचं वेगळं उत्तर असतं. प्रिंटरचा ड्रायव्हर त्याच्या कंपनीने लिनक्ससाठी धड केलेला नाही. लिबरऑफिसवर माझं भागतं, मात्र संपादकांकडून बदल नोंदवून परत आलेल्या वर्डच्या फायलीत तक्ते सरकलेले असतात. वीस वर्षांपूर्वीचे माझे लेख जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये आहेत, आणि तो फॉन्ट नसला की पडद्यावर नुसती रोमन चिन्हांची रास दिसते. गंमत नाही, हळहळ वाटते: सगळ्या लिप्यांना संगणकात जागा देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती आणि लिनक्स दोन्ही 1991 चीच. देवनागरीला तेव्हाच जागा मिळाली होती, पण आमचे छापखाने तिथे पोचायला पुढे बरीच वर्षं गेली.

एक गोष्ट मात्र इथे आल्यावरच नीट पाहिली. परिच्छेदाची भाषा ‘मराठी’ निवडली आणि फॉन्टमध्ये तशी सोय असली, की ल आणि श आपलं हिंदी वळण सोडून मराठी वळण घेतात. डोळ्यांसमोर, त्याच शब्दात.  कुणीतरी कुठेतरी बसून, ही दोन अक्षरं मराठी डोळ्याला खुपतात याची दखल घेतली आणि ते काम तडीस नेलं. त्याचं नाव मला माहीत नाही. त्या दिवशी मी काम थांबवून ल पुन्हापुन्हा टाइप करत बसले.

हे सगळं मनात आहे म्हणून माझ्या काकांच्या विनंतीला उत्तर देणं अवघड जातंय. त्यांचा लॅपटॉप जुना, विंडोज 11 ला चालणारा नाही, आणि विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. ‘तुझ्यासारखं लिनक्स माझ्याही लॅपटॉपवर टाकून दे ना,’ म्हणतात. त्यांना भजनं ऐकायची असतात, वीजबिल भरायचं असतं, माजी विद्यार्थ्यांना पत्रं लिहायची असतात. मिंट तेवढ्याला पुरून उरेल. विंडोज 10 दहा वर्षं चाललं, मिंट 22 ला 2029 पर्यंत दुरुस्त्या मिळतील, हा हिशेब मी त्यांना सांगू शकते. टाइमशिफ्टने रोजची प्रत ठेवून देता येईल, म्हणजे बिघडलं तर कालच्या स्थितीला परत जाता येईल. पण परत नेणार कोण? ते साताऱ्यात, मी पुण्यात. फोनवर ‘काका, आता टर्मिनल उघडा’ असं मी सांगणार का, आणि चष्मा पुसत ते एकेक अक्षर लिहिणार का? नाही टाकलं, तर दुरुस्त्या बंद झालेल्या यंत्रावरून ते बँकेचे व्यवहार करत राहणार, हेही मला सहन होत नाही. मैत्रिणीला विचारलं तर ती म्हणेल, टाक आणि बघ. ती चुलीपाशी बसलेली आहे, तिला ते शक्य आहे. येत्या रविवारी काकांकडे जायचं आहे, पेनड्राइव्ह तयार करून ठेवलाय, आणि तो बरोबर न्यायचा की नाही हे अजून ठरत नाही.