घडी लहान, चाक मोठं

प्रिय बाबागाडी,

उद्या दुपारपर्यंत तू घरी येशील. दाराआडची तुझी जागा मी मोजून ठेवली आहे. भिंत आणि चपलांचं कपाट यांच्यामध्ये ३२ सेंटीमीटर. मिटल्यावर तू तेवढ्यात मावायला हवीस, आणि बाहेर पडल्यावर आमच्या गल्लीतल्या उखडलेल्या फरश्यांवरून माझ्या अडीच वर्षांच्या लेकीला नीट न्यायला हवंस. या दोन अटी एकमेकींशी भांडतात. त्यांचं भांडण मिटवायला मला सात आठवडे लागले. इतके दिवस तुझ्याविषयी मी दुकानदारांशी बोलले, शेजारणींशी बोलले, नवऱ्याशी तर रोजच बोलले. तुझ्याशी बोलायचं राहिलं होतं.

तुझ्याआधी घरात एक होती. लेकीच्या आत्याने हौसेने दिलेली. वजन साडेपाच किलो, एका हाताने मिटायची, पट्टा खांद्याला अडकवून जिना चढता यायचा. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत ५१ पायऱ्या आहेत, त्यामुळे तिच्या त्या हलकेपणावर माझा फार जीव होता.

आमच्या वळणावर पावसाळी गटाराचं लोखंडी झाकण आहे. त्याच्या फटी चालण्याच्या दिशेनेच आहेत, दोन बोटं रुंद. गेल्या श्रावणात दूध घेऊन परतताना गाडीचं पुढचं चाक त्या फटीत बसलं. गाडी जागच्या जागी थांबली, मी थांबले नाही. दांडा पोटात घुसला, मागची चाकं उचलली गेली आणि लेक पट्ट्यांवर लोंबकळली. खांद्यांवरून दोन, कमरेशी दोन आणि पायांमधून एक असे पाचही पट्टे लावलेले होते म्हणून ओठ फुटण्यावर निभावलं. तिच्या पिवळ्या फ्रॉकवर रक्ताचे चार थेंब पडले होते. रडणं थांबल्यावर तिने हात पसरले ते मला उचलून घे म्हणून, आणि त्यानंतर कित्येक दिवस ती गाडीत बसायलाच तयार नव्हती.

त्या गाडीत खोट नव्हती, हे मला आज शांतपणे म्हणता येतं. ती दुसऱ्या जमिनीसाठी जन्मली होती. छत्रीसारख्या मिटणाऱ्या गाडीची कल्पना ज्याची, तो ओवेन मॅक्लॅरन हा इंग्लिश अभियंता. स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या चाकांच्या घडीच्या सांगाड्यावर त्याने काम केलं होतं. परदेशातून लेकराला घेऊन येताना जड गाडीने आपल्या मुलीची झालेली तारांबळ त्याला दिसली आणि १९६५ मध्ये त्याने ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, जेमतेम पावणेतीन किलोची गाडी कागदावर उतरवली. विमानाचं चाक पोटात मिटवायची विद्या त्याने बाळाच्या गाडीला दिली. बापाने लेकीसाठी केलेलं हे काम मला फार मोठं वाटतं. पण त्या गाडीपुढे विमानतळ होता, आगगाडी होती, सपाट बांधीव रस्ते होते. आमच्या वळणावरचं झाकण नव्हतं.

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. चाक आणि अडथळा हे गणित दरवर्षी फळ्यावर सोडवते, पण ते स्वतःच्या मुलीसाठी मांडून बघायला तो फुटलेला ओठ लागला. सरकलेल्या पेव्हर ब्लॉकची कड साधारण अडीच सेंटीमीटर वर येते. साडेबारा सेंटीमीटर व्यासाचं चाक त्या कडेवर चढवायचं, तर चाकावर जितका भार आहे त्याच्या १.३३ पट आडवा रेटा लागतो. व्यास २० सेंटीमीटर झाला की हा आकडा ०.८८ वर येतो. ३० सेंटीमीटरच्या चाकाला ०.६६ पुरतो, म्हणजे निम्मा. लहान चाकाला ती कड भिंतीसारखी समोरून भिडते, मोठं चाक तिच्यावर वरून टेकतं. हातांना जाणवतो तो हाच फरक, आणि आत बसलेल्या लेकराच्या मानेलाही.

मग प्रश्न उरतो की सर्वांत मोठंच चाक का घेऊ नये. अमेरिकेत याकिमा गावच्या फिल बेक्लरने १९८४ च्या सुमारास सायकलची चाकं लावून तीनचाकी गाडी काढली, बाळाला पुढे घालून धावता यावं म्हणून. आजच्या सगळ्या दणकट तीनचाकी गाड्या त्याच वंशातल्या. मी एक ढकलून पाहिली. मातीत, खडीत, गवतात ती अशी चालते की हात सोडवत नाही. पण मिटल्यावरही ती एका माणसाची जागा खाते, आणि चाकांत हवा असल्यामुळे पंक्चर काढणारा शोधावा लागतो. घर मोठं असतं, जिना नसता, तर मी तिलाच आणलं असतं.

म्हणून दुकानांतून फिरताना मी एक पिशवी बरोबर ठेवली. दहा किलो तांदूळ आणि दोन किलो तूरडाळ. माझी लेक १२ किलोची आहे. दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर रिकामी गाडी प्रत्येकच छान पळते, बोटाने ढकलली तरी पळते. मी पिशवी आसनात ठेवायचे, पट्टे आवळायचे आणि दुकानदाराला विचारायचे, “जरा बाहेर नेऊ का?” दोघांनी नाही म्हटलं. तिसऱ्या दुकानातले काका स्वतः माझ्याबरोबर पायरी उतरून आले आणि म्हणाले, “ताई, त्या खड्ड्यावरून न्या, खरं काय ते तिथे कळेल.” तुझी माझी भेट त्यांच्यामुळे झाली.

त्या खड्ड्यावर मी काय काय बघत होते ते तुला ठाऊक असायला हवं. पुढची चाकं जोडीची की एकेरी, कारण जोडीच्या चाकांमध्ये खडा अडकतो. ती चाकं स्वतःभोवती फिरायची थांबवून सरळ जखडता येतात का, कारण खडीवर मोकळं फिरणारं चाक थरथरतं आणि आडवं होऊन बसतं. चाक कडक प्लॅस्टिकचं आहे की दाबलं तर किंचित दबणाऱ्या फोमचं. धक्का खाणारी स्प्रिंग खरंच हलते की नुसती दिसायला आहे. एका हाताने ढकलल्यावर गाडी सरळ जाते का, कारण दुसऱ्या हातात नेहमी काहीतरी असतंच. उतारावर ब्रेक लावून मी पिशवीसकट तुला सोडलं आणि मनात दहा आकडे मोजले. तू हलली नाहीस.

तुझी पुढची चाकं १८ सेंटीमीटरची, मागची २३ ची. वजन ८.२ किलो. मिटल्यावर जाडी ३०, म्हणजे दाराआड दोन सेंटीमीटर शिल्लक. तुझ्या चिठ्ठीवर ‘ईएन १८८८’ हे युरोपीय मानक लिहिलेलं आहे आणि भार २२ किलोपर्यंतचा आहे. हे मी मुद्दाम पाहिलं, कारण पुष्कळ गाड्या १५ किलोवरच थांबतात, आणि १२ किलोचं मूल १५ ला पोचायला फार दिवस लागत नाहीत. वजनापाशी मात्र मी बराच वेळ अडले होते. पावणेतीन किलो जास्त म्हणजे काय, हे आकड्यावरून कळत नाही. शेवटी पाच आणि तीन किलोच्या कणकेच्या पिशव्या एका हातात घेऊन ५१ पायऱ्या चढले. दुसऱ्या मजल्यावर थांबावं लागलं. पण लेक आता माझं बोट धरून स्वतः चढते, पायऱ्या मोजते, अकरानंतर थेट पंधरा म्हणते. तिला उचलून घ्यायचं नसेल तर तुला उचलणं मला जमेल.

मी तुझ्या घडीपेक्षा चाकाला जास्त मान दिला याचं कारण इतकंच की दाराआड तू बावीस तास उभी असशील, तिथे तुला फक्त मावायचं आहे. उरलेल्या दोन तासांत माझं मूल तुझ्यात बसलेलं असेल. दुकानात जो तो गाडी मिटवून दाखवतो, चालवून कुणी दाखवत नाही. आणि आम्हीही भुलतो, कारण घरात जागा नाही हे दुःख रोजचं असतं.

रस्त्याचं दुःखही रोजचंच आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या २०१२ च्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेत पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि काठाची उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर सांगितली आहे. आमच्या गल्लीतला काठ मी पट्टी लावून मोजला, २३० मिलिमीटर भरला. त्याच्यावर तुला पुढून चढवायचं नाही. पाठ फिरवून आधी मागची मोठी चाकं वर ओढायची. उतरतानाही तसंच, मागची चाकं आधी खाली. याउलट जंगली महाराज रस्त्याच्या रुंद पदपथावर लेक जुन्या गाडीतसुद्धा झोपून जायची. दरवर्षी ११ डिसेंबरला पुण्यात लक्ष्मी रस्ता गाड्यांना बंद करून पादचारी दिन करतात. तिथे मी एकदा अर्धा तास एकही झटका न देता गाडी ढकलली आणि डोळे भरून आले. लेकराला घेऊन नुसतं चालणं एवढं सोपं असू शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मे महिन्यात आपल्याला सासरी जायचं आहे, गुहागर तालुक्यात. घरापर्यंत मोटार जात नाही. रस्त्यापासून खळ्यापर्यंत जांभ्याच्या चिऱ्यांची पाखाडी आहे, दोन्ही बाजूंना गडगे, मधे माडाची मुळं. तिथे तू चालणार नाहीस, तू काय, कुठलीच गाडी चालणार नाही. तिथे कडेवर, नाहीतर तिच्या बाबांच्या पाठुंगळी. पण वरच्या सड्यावर तांबडी वाट आहे, शाळेच्या मैदानापर्यंत जाणारी, आणि ती तुझ्या चाकांना झेपेल. समुद्रावर गेलो तर कोरड्या वाळूत तुला ढकलणार नाही, उलटी ओढत नेईन. ढकललं की पुढची चाकं वाळूत रुततात.

मागच्या वेळी सासूबाईंनी विचारलं होतं, “पोरीला कडेवर घ्यायला काय होतं गं?” मला बोचलं होतं. बाळंतपणापासून माझी कंबर धरते, डावीकडे जास्त, कारण मी तिला डाव्या कडेवर घेते. मी काही बोलले नाही. संध्याकाळी त्यांनी माळ्यावरून पांगुळगाडा काढून आणला, सावंतवाडीहून आणलेला, माझ्या नवऱ्याचा. रंग उडालेला, एक चाक तडकलेलं. सारवलेल्या ओटीवर लेक तो ढकलत होती आणि सासूबाई खांबाला टेकून बघत होत्या. म्हणाल्या, “तीन पोरं या एका कडेवर वाढवली. विहिरीवरून येताना कडेवर पोर आणि डोक्यावर हंडा. आता उठताना भिंत धरावी लागते.” मग थोड्या वेळाने, “तुझी ती गाडी तेव्हा असती तर बरं झालं असतं.” त्या दिवसापासून तुला शोधताना मला एकटं वाटलं नाही.

तुला मी काही वचनं देते. तुझ्या दांड्याला भाजीची पिशवी अडकवणार नाही. लेकीला उचललं की तो भार तुला मागे पाडतो, हे मी बाजारात एका बाईच्या बाबतीत पाहिलं आहे. ऊन कितीही असलं तरी तुझ्या टपावरून ओढणी टाकून तिला झाकणार नाही, कारण आतली हवा कोंडते आणि सावली वाटते तिथे भट्टी होते. तुला उघडताना-मिटवताना लेकीची बोटं तुझ्या बिजागरीपासून लांब ठेवीन. चाकांत अडकलेले केस आणि दोरे दर रविवारी काढीन. आणि दोन पावलांवर जायचं असलं तरी पाचही पट्टे लावीन.

लेकीला अजून भीती आहे. काल तिला तुझा फोटो दाखवला तर तिने आधी चाकांवर बोट ठेवलं आणि विचारलं, “ही पडते?” मी म्हटलं, बघूया. खोटं सांगावंसं वाटलं नाही.

म्हणून उद्या तू आलीस की तिला लगेच बसवणार नाही. तांदळाची आणि डाळीची पिशवी अजून तशीच बांधलेली आहे. आधी ती पिशवी तुझ्यात ठेवून आपण तिघी खाली उतरू, लेक माझं बोट धरून चालेल. वळणावर जाऊ. त्या झाकणावरून मी तुला तिरकी नेईन, सरळ नाही, आणि ती बघत असेल.

तुझी वाट पाहणारी,
एक आई