हालतंय का गं?

लहानपणी बैलगाडीवरून पडले आणि नाकाची दांडी बसली. तेव्हापासून गावात मी नकटीच. नोकरी लागल्यावर स्वतःच्या पैशानं ऑपरेशन करून घेतलं. दांडीवर सिलिकॉनचा तुकडा बसवला. शिरड शहापूरला परतले, तर मल्लिनाथाच्या मंदिराकडं निघालं तरी वाटेत बाया थांबवून नाक बघायच्या. आत्यानं सरळच विचारलं, "हालतंय का गं? शिंकलीस तर सरकायचं नाही ना?"

प्रश्न खुळा नव्हता. डॉक्टरांना मीही तोच विचारला होता. सिलिकॉनमध्ये मांस वाढत नाही, शरीर त्याच्याभोवती फक्त एक पातळ पापुद्रा धरतं. म्हणून हाडावरच्या आवरणाखाली बेताचीच जागा करून तुकडा बसवतात. जागा ऐसपैस झाली की तो कलतो. सुरुवातीचे आठवडे जपायचे: नाक जोरात शिंकरायचं नाही, पालथं झोपायचं नाही, दांडीवर चष्मा टेकवायचा नाही. मला चष्म्याशिवाय फळा दिसत नाही. चिकटपट्टीनं चष्मा कपाळाला टांगून वर्गात उभी राहायचे. पोरांची चांगली करमणूक झाली. त्यात हळद शिजवायचे दिवस, सगळीकडं धूर. तोंड उघडं ठेवून शिंकायची सवय लावून घेतली.

चुलत बहिणीच्या लग्नात नथीवरून वाद झाला. नथ नाकपुडीत, सिलिकॉन वर दांडीवर, पण आईला कोण पटवणार? शेवटी दाबाची नथ घातली, तीही फोटोपुरती.

नवं नाक घडवण्याची एक जुनी गोष्ट, कावसजी नावाच्या माणसाची, मला डॉक्टरांकडूनच कळली. इंग्रज फौजेतला हा बैल हाकणारा टिपूच्या हाती लागला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुण्याकडच्या एका वैद्यानं त्याच्याच कपाळाची कातडी वळवून नवं नाक घडवलं. 1794 साली ही हकीकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली आणि 1814 साली कार्प्यू या सर्जननं तिकडं तीच रीत वापरली. कातडी स्वतःची, आणि ती नाकावर रुजेपर्यंत भुवयांमधला तिचा देठ तोडायचा नाही, ही त्यातली खुबी.

म्हणून मला कुणी विचारलं तर मी सांगते, आधी स्वतःच्या कूर्चेचं विचारा. फासळीची कूर्चा कधी वाकते, छातीवर व्रणही राहतो, पण ती आपली असते. सिलिकॉन बहुतेकींना वर्षानुवर्षं त्रास देत नाही. तरी उशिरानंही जंतुसंसर्ग होऊ शकतो, कातडी पातळ होऊन तुकडा बाहेर डोकावू शकतो. शेंडा लाल, चकचकीत दिसला किंवा दांडी कललेली वाटली, तर घरी दाबून सरळ करू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.