डीपीचा षड्ज

ब्लॅक मेटल म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बर्फ येतो. सूचिपर्णी झाडांचं जंगल, न संपणारी रात्र, काळ्या-पांढऱ्या मुखपृष्ठावर धुक्यात उभा असलेला एकटा माणूस. हे चित्र नॉर्वेचं आहे आणि तिथल्या पोरांनी ते मनापासून काढलं. आमच्या बँडचा पहिला अल्बम मात्र पाचोऱ्यात तयार होतोय. इथे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला जातो, काळ्या रानाला हात घालता येईल एवढ्या भेगा पडतात आणि दुपारी बारापासून चारपर्यंत शिवारात चिटपाखरू दिसत नाही. या दोन जागांत मला नातं दिसतं. माणूस जिथून उठून गेलाय अशा जागेचं हे संगीत आहे, आणि अशी जागा शोधायला खान्देशात लांब जावं लागत नाही.

ज्यांनी हे कधी ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गिटारच्या तारेवर पिक खालीवर, न थांबता, जमेल तितक्या वेगानं चालवायचं, हे ट्रेमोलो पिकिंग. ड्रमवर स्नेअर, किक आणि सिंबल यांचा अखंड मारा, तो ब्लास्ट बीट. लय मिनिटाला 180 ठोक्यांची ठेवली आणि प्रत्येक ठोक्याचे चार भाग केले, तर सेकंदाला बारा आघात होतात. सेकंदाला बारा म्हटल्यावर कान मोजायचं सोडून देतो. त्याला सुटे आघात लागत नाहीत, एक सलग पट्टा ऐकू येतो. त्या पट्ट्यावर स्वर बदलतो तो मात्र आठ-आठ, सोळा-सोळा ठोक्यांनी. हात पराकोटीच्या द्रुत लयीत आणि गाणं विलंबित, असा हा प्रकार आहे. ॲटमॉस्फेरिक म्हणवणाऱ्या बँडांनी हा विलंबितपणा आणखी ताणला, कीबोर्डचे लांब स्वर मागे पसरले आणि गाणं दहा-बारा मिनिटांवर नेलं.

एक रिफ, म्हणजे गिटारची छोटी सुरावट, किती वेळा वाजवायचा, यावर आमच्यात जेवढा वाद होतो तेवढा दुसऱ्या कशावर होत नाही. चौथ्या आवर्तनाला तो ओळखीचा होतो. आठव्याला कंटाळा येतो. बहुतेक जण इथेच घाबरून पुढचा रिफ आणतात. मी म्हणतो, थांबा, कंटाळ्यातून पार जाऊ द्या. सोळाव्याच्या आसपास ऐकणारा रिफकडे बघणं सोडतो आणि त्याच्या आत बसतो. हे मी कुठल्या परदेशी रेकॉर्डवरून शिकलो नाही. श्रावणात कानबाई बसते त्या रात्री घरातल्या बायका जागरण करतात, एकच चाल धरून तासन् तास गातात. आजीच्या मांडीवर डोकं ठेवून ती चाल ऐकताना एका टप्प्यानंतर शब्द विरून जात आणि नुसती चाल घरभर उरे. पुनरावृत्तीनं जागा तयार होते, हे मला तिथे कळलं.

नॉर्वेतल्या मंडळींचे दोन मार्ग होते. मेहेम आणि एम्परर या बँडांनी बर्गन शहरातल्या ग्रीगहालेन या मोठ्या संगीतगृहात, पिट्टन या ध्वनिमुद्रकाच्या हाताखाली काम केलं. त्यातून झालेल्या दोघांच्या रेकॉर्ड 1994 मध्ये आल्या आणि त्यांत दालनाची उंची ऐकू येते. त्याच वर्षी डार्कथ्रोन या बँडचा ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’ आला. तो त्यांच्यातल्या फेनरिझनं घरातल्या चार ट्रॅकच्या यंत्रावर ध्वनिमुद्रित केला. आवाज पातळ, खरखरीत, खर्ज जवळजवळ नाही, आणि तरीही मी त्याच्याइतका ओसाड आवाज दुसरा ऐकलेला नाही. खरखर झाकली नाही म्हणून तो आवाज तसा झाला, असं माझं मत आहे. याच मंडळींतल्या काहींनी 1992 मध्ये लाकडी चर्च जाळली, 1993 मध्ये एकानं दुसऱ्याचा खून केला. तो इतिहास मी नव्या ऐकणाऱ्यापासून लपवत नाही, आणि त्यातलं काही मिरवतही नाही. त्यांच्याकडून हात घेतला, द्वेष घेण्यासारखा नव्हता.

माझे डोळे उघडले ते 2012 च्या ‘केंटकी’ या अल्बमनं. पॅनोप्टिकॉन या नावानं ऑस्टिन लन हा एकटा माणूस जवळजवळ सगळं वाजवतो. त्यानं ब्लॅक मेटलमध्ये बॅन्जो आणि फिडल आणलं आणि गाणी कोळसा खाणीतल्या मजुरांच्या लढ्यावर बांधली. भुतंखेतं, सैतान काही नाही. डोंगर पोखरला गेला, माणसं आत मेली, हे पुरेसं काळं होतं. इकडे आपल्या मुंबईच्या डेमॉनिक रेझरेक्शननं, ज्यांचा पहिला अल्बम 2000 सालचा, 2017 मध्ये ‘दशावतार’ हा आख्खा अल्बम विष्णूच्या अवतारांवर केला. या दोन्ही रेकॉर्डनी मला धीर दिला. पण आम्हाला पुराणांकडे जायचं नव्हतं. आम्हाला शिवारातच राहायचं होतं.

आता डीपीचं सांगतो, कारण अल्बमचा गाभा तिथे आहे.

शेतातल्या ट्रान्सफॉर्मरला आमच्याकडे सगळे डीपीच म्हणतात. शेतीची थ्री फेज लाईट पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. हिवाळ्यात गव्हा-हरभऱ्याला पाणी भरायचं तर रात्रीच्या पाळीला माणूस बारा-एकला उठतो, टॉवेल कानाला बांधतो, बॅटरी घेतो आणि निघतो. मी वडिलांबरोबर असा पुष्कळदा गेलोय. डिसेंबरच्या रात्री इथे हाडं गोठतात, हे बाहेरच्या लोकांना खरं वाटत नाही. वाफ्यात पाय टाकला की पाणी घोट्याला चावतं. बॅटरीच्या गोल उजेडाबाहेर काहीही असू शकतं, साप, रानडुक्कर. आणि सगळ्यात आधी कानावर येतो डीपीचा गुणगुणाट. तो आला म्हणजे लाईट आली. काळोख म्हणजे काय, हे मला त्या बांधावर समजलं. पुढे रेकॉर्डवर ऐकला तेव्हा तो ओळखीचा निघाला.

आमच्या बासवाल्यानं आणि मी तो गुणगुणाट रेकॉर्डर घेऊन कुंपणाबाहेरून टिपला. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. तिच्या प्रत्येक फेऱ्यात ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा दोनदा किंचित ताणला जातो, म्हणून डीपीचा मूळ स्वर निघतो 100 हर्ट्झचा. गिटारच्या जाड तारेवर तिसऱ्या पडद्याचा जी असतो 98 हर्ट्झचा. दोन्ही एकत्र वाजवले तर सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात, व्हॉंव् व्हॉंव्, जणू स्वर आजारी आहे. काही दिवस आम्हाला तो आजारीपणा आवडला. पण नऊ मिनिटांच्या गाण्याला तो पायाखाली घेऊन उभं राहता येईना. मग ठरवलं, डीपी बदलणार नाही, आपण बदलू. तिन्ही गिटार आणि बास डीपीवर जुळवले. कीबोर्ड पस्तीस सेंट वर नेला. म्हणजे ए हा स्वर नेहमीच्या 440 ऐवजी साधारण 449 वर गेला. गाण्याचा सा डीपीचा झाला आणि सगळं एकदम स्थिर झालं. तानपुरा जुळला की खोली बदलते, तसं आमच्या खोलीत झालं.

मिक्स कच्चाच होता तेव्हा वडिलांना हेडफोन लावून सुरुवात ऐकवली. सुरुवातीला काही सेकंद नुसती डीपी आहे. ते म्हणाले, ‘‘लाईट उनी.’’ आणि पुढचं गाणं डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मला कुठल्या समीक्षकाकडून याहून जास्त काही नकोय.

दुसऱ्या एका गाण्यासाठी विषय शोधावा लागला नाही. 2017 च्या खरिपात महाराष्ट्रभर कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली. बीटी बियाणं 2002 पासून आपल्याकडे आहे, आणि ते ज्या बोंडअळ्यांसाठी आणलं त्यांतल्याच एकीनं त्याला पचवायला शिकून घेतलं. अळी फुलात शिरते तेव्हा पाकळ्या मिटून फुलाची डोमकळी होते. बोंडात गेली की वरून काही कळत नाही. बोंड हिरवं, धड, हाताला टणक. वेचणीला फोडून बघावं तर आत कवडी झालेला पिवळट कापूस. या संगीतात सडण्यावर हजारो गाणी आहेत आणि बहुतेकांत थडगी आहेत. आम्ही ते गाणं असं बांधलं की पहिली सहा मिनिटं गिटारची सुरावट अतिशय गोड आणि भरघोस आहे, फक्त तिच्या आत एक कोमल रिषभ दबक्या आवाजात वाजत राहतो. सातव्या मिनिटाला वरची गिटार बंद होते आणि आत काय होतं ते उघडं पडतं. मला हे गाणं सगळ्यात अवघड गेलं. गोडवा खोटा वाटून चालणार नव्हतं, कारण ते पीक खरंच चांगलं दिसत होतं.

ध्वनिमुद्रण घरातल्या मागच्या खोलीत. भिंतींना गोधड्या आणि जुन्या गाद्या लावल्यात, आणि गावाकडची कापसाची गादी आवाज इतका छान गिळते की महागाचा फोम लागत नाही. मुंबई–भुसावळ लोहमार्ग जवळ असल्यानं मालगाडी गेली की जमिनीतून थरार येतो. शांत भागाचे टेक आम्ही दोन गाड्यांच्या मधे उरकतो. पाचोरा–जामनेर ही लहान रुळांची पीजे 2020 मध्ये थांबली, नाहीतर तिलाही वेळ द्यावा लागला असता. कित्येक जण सुचवतात की पीजेची शिट्टी अल्बममध्ये टाका, लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल. म्हणूनच टाकणार नाही. ऐकणाऱ्याला हळवं करून मिळवलेलं वातावरण तिसऱ्यांदा ऐकताना उरत नाही.

अशा बंद खोलीत काम करताना मला केकी मूस आठवतात. चाळीसगाव इथून रेल्वेनं तासाच्या आत. तिथल्या आपल्या बंगल्यात या छायाचित्रकारानं आयुष्याची बहुतेक वर्षं जवळजवळ न बाहेर पडता काढली, 1989 मध्ये ते गेले तोपर्यंत. घरातल्या साध्या वस्तू टेबलावर मांडायच्या, प्रकाश पाडायचा आणि त्यातून आख्खं दृश्य उभं करायचं, ही त्यांची टेबलटॉप छायाचित्रं. त्यांच्या संग्रहालयात मी एकेका चित्रापुढे बराच वेळ उभा राहिलोय. वस्तू किती कमी आणि उजेड किती मोजून टाकलेला. मिक्समध्ये रिव्हर्ब वाढवायला हात शिवशिवतो तेव्हा मी तो उजेड आठवतो आणि अर्धा कमी करतो. रिव्हर्बनं जागा मोठी होते हे खरं, पण सगळ्याच गोष्टी लांब गेल्या तर लांब काही राहत नाही. गिटार जवळ हवी, कोरडी, पिकची खरखर ऐकू येणारी. मग मागचा कीबोर्ड डोंगराइतका दूर जातो.

आवाजाचं काम बाकी आहे. किंचाळणं हे गळा फाडणं असतं असा समज आहे. गळ्यावर जोर टाकला तर दोन गाण्यांत आवाज बसतो. श्वास पोटातून, गळा मोकळा, आणि स्वरतंतूंच्या वरचे पडदे थरथरवायचे. आमचा गायक खोलीच्या एका टोकाला उभा राहतो आणि माईक दुसऱ्या टोकाला. शब्द आधी प्रमाण मराठीत लिहिले होते. मग त्यानं एका संध्याकाळी घरची अहिराणी वापरून बघितली. मना, तुना, वावरना, रातना, असे आकारात उघडणारे शब्द ओळीच्या शेवटी येऊ लागले आणि किंकाळी लांबवर धरता यायला लागली. शब्द ऐकणाऱ्याला स्पष्ट कळणार नाहीत, तरी ते आम्ही लिहून देणार आहोत. कॅसेटच्या कागदावर, मोठ्या टायपात, कारण अहिराणी छापलेली फार कमी दिसते.

पाच गाणी, बेचाळीस मिनिटं. मास्टरिंगमध्ये आवाज कमाल पातळीला रेटायचा नाही, एवढं ठरलंय, म्हणजे डीपीचा भाग हळू राहील आणि ड्रम आला की धक्का बसेल. दोन गाण्यांचे शब्द अजून गायकाच्या तोंडात बसलेले नाहीत, आणि बोंडअळीच्या गाण्यात किक ड्रम गिटारखाली दबतोय. ड्रमर जिनिंगमध्ये कामाला आहे. दसऱ्याच्या सुमारास काटापूजन झालं आणि कापसाच्या गाड्या लागल्या की तो महिनोन् महिने हाती लागणार नाही, त्यामुळे किक पुन्हा वाजवायची ती त्याआधी. या रविवारी तो येणार आहे. मी सकाळीच ड्रमची कातडी बदलून ठेवीन.