खुंटी आणि कान

आमच्या नगरच्या घराचा संगीताशीं संबंध म्हणजे सौभाग्यवतीचा मिरजेचा तंबोरा, एवढाच होता. गेल्या वर्षीं नातवाच्या हट्टानें तेथें गिटार आली. तिच्या शिरोभागीं दोन लांबट खांचा असून, त्यांतील आडव्या रुळांवर नायलॉनच्या सहा तारा गुंडाळलेल्या होत्या. किंमत पाहून ती मींच निवडिली होती, हें आधींच सांगून ठेवितों.

मुलगा रोज तारा मिळवी आणि घटकेभरांत त्या उतरत. महिनाभर तें बेसूर वादन ऐकून एके सायंकाळीं मी म्हणालों, "बाळ, तुला कानच नाहीं." त्यानें उलट उत्तर दिलें नाहीं; वाद्य पिशवींत घालून कपाटामागें ठेविलें.

संस्कृत व्याकरण शिकवितांना कर्ता आणि करण यांतील भेद मीं शेंकडों वेळां फळ्यावर मांडला असेल. घरांत मात्र करणाचा दोष कर्त्याच्या माथीं मारून मोकळा झालों! सौभाग्यवती म्हणाली, "अहो, तंबोरा उतरला तर आपण आधीं खुंटी पाहतों. पोराच्या वाद्याची खुंटी पाहिलीत का?"

मिरजेस १८५० च्या सुमारास फरीदसाहेबांपासून तंतुवाद्यें घडविण्याची परंपरा सुरू झाली. तेथील सतार व तंबोरा यांना २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. तंबोऱ्याची लाकडी खुंटी केवळ घर्षणानें धरते. सैल झाली तर खडू लावून दाबली कीं बसते. गिटारीची चावी निराळी. तिच्यांत मळसूत्र दंतचक्राला फिरवितें, पण चक्र मळसूत्राला फिरवूं शकत नाहीं. म्हणून ताण पडला तरी तार उलगडत नाहीं. चक्राला १४ दांते असल्यास मूठ १४ वेळां फिरविल्यावर रूळ एकदां फिरतो. १८ असल्यास सूर अधिक बारकाईनें लावितां येतो. आमच्या गिटारीची मूठ पाव फेरा फिरली तरी रूळ हलेना. दांते मळसूत्राशीं नीट बसलेच नव्हते. तेवढा खेळ ताणानें सुटला कीं तार उतरे.

नव्या नायलॉनच्या तारा प्रथम कांहीं दिवस ताणल्या जातातच, व मानेच्या टोंकाच्या पट्टीवरील खांचेंतही तार अडकते. हें पाहून मगच चाव्या बदलाव्या. घेतांना लगतच्या दोन रुळांच्या मध्यांतील अंतर मोजून न्यावें. तें बहुधा ३५ मिलिमीटर असतें. मूठ फिरवितांच रूळ हलावा, आणि तो हातानें डगडगूं नये. तार मिळवितांना नेहमीं खालून वर चढवीत सुरावर थांबावें.

नव्या चाव्या बसविल्या त्या सायंकाळीं सौभाग्यवतीनें तंबोरा छेडला. मुलगा त्याच्या षड्जाशीं एक तार मिळवूं लागला. मला ती मिळाली असें वाटलें, तोंच तो म्हणाला, "आजोबा, अजून किंचित् खालीं आहे." आजीनें मान डोलाविली. कान कोणाला नव्हता, तें मला कळलें.

मीं त्याची क्षमा मागितली. परंतु नोकरींत असतांना ज्यांना ज्यांना मी "तुला डोकें नाहीं" म्हणालों, त्यांची पाटी, त्यांच्या घरचा दिवा मीं कधीं पाहिला होता काय? त्यांची क्षमा आतां कोठें जाऊन मागूं?